मुनवा

आजारी माणसांसाठीच्या प्रार्थनेच्या हेतूंमध्ये तिसरं नाव क्रिस्टीनाच्या आईचं आलं. "बेटी जॉन तुस्कानो यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून, त्यांच्या पतीकडून," असं जॅक्सननं माइकवर आपल्या स्वच्छ शाळामास्तरी आवाजात वाचलं आणि तो कुणाच्या तरी लग्नाच्या पंचवीस वर्षांच्या आभारांकडे वळला. चर्चमधली रविवारची मिस्सा अजून सुरू व्हायची होती. पुढच्या बाकांवरची चार-पाच डोकी अर्धवट मागं वळली आणि तितक्याच सावकाश पुन्हा जागेवर गेली. आईला जाऊन चार महिने झाले होते. या डोक्यांपैकी प्रत्येकानं तिच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली होती, घरी येऊन चहा घेतला होता, सुटली बिचारी असं म्हटलं होतं. क्रिस्टीनानं शेजारी बघितलं. पप्पा वेदीकडे बघत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुडघ्यावर दुमडलेला रुमाल. त्यांनी कपाळाला आणि छातीला हात लावून क्रुसाची खूण केली; नाव बरोबर जागी पोचलं, याची पोच द्यावी तशी. ऑफिसातल्या माणसाचा काहीतरी घोटाळा झाला असेल, मयतांच्या ऐवजी आजाऱ्यांत नाव गेलं असेल, असं क्रिस्टीना पहिलं गाणं संपेपर्यंत स्वतःला सांगत राहिली. मग तिला ते सांगता येईना. पप्पांच्या चेहऱ्यावर घोटाळा नव्हता.

बाहेर पडल्याबरोबर फ्लॉसीआत्यानं जॅक्सनला पायऱ्यांवरच गाठलं. "काय रे जॅक्सन, मेलेल्या माणसाला आराम पाडतोस? पुढच्या रविवारी टॉनिक पण देशील काय?"

"आंटी, माझ्यावर कशाला घसरता? ऑफिसातून जे येतं ते मी वाचतो. उद्या माझं नाव मयतांत आलं तरी वाचीन."

"वाचशील रे! तुला काय, माइक मिळाला की झालं."

आजूबाजूची माणसं हसली. हसण्यानं सगळ्यांनाच बरं वाटलं असतं आणि गोष्ट तिथंच मिटली असती, पण पप्पा पायऱ्या उतरून खाली आले. "फ्लॉसी, त्याला नको बोलू. मी सांगितलं तसं."

"तू?"

"मी."

आत्याचा आवाज एकदम खाली आला. धाकट्या भावाशी बोलतात तसं ती बोलली. "जॉन, बेटी गेली रे."

"अर्धीअधिक," पप्पा म्हणाले, आणि रुमाल खिशात घालून घराच्या वाटेला लागले. आत्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, मग क्रिस्टीनाकडे वळली. "तू शिकलेली ना गो? तूच भरवलं असशील काहीतरी त्याच्या डोक्यात. बघ बाय, काय ते उतरव. नायतर मी फादरना सांगते."

भरवलं असं म्हणता आलं नसतं. क्रिस्टीनानं फक्त विचारल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. विरारच्या कॉलेजात इतकी वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर तिला सवयच लागली होती. कुणी काही विचारलं की नेमकं तेवढंच हातात ठेवायचं. शेवटच्या महिन्यांत कॅन्सरमुळे आईच्या पोटात पाणी भरायचं आणि ते काढायला तिला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. सुईतून नळीत, नळीतून बाटलीत, फिकट पिवळं पाणी थेंबाथेंबानं उतरताना आई त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखी बघायची. तिथंच एकदा रिद्धी खाटेजवळ आली. पांढरा कोट, केसांचा घट्ट बुचडा, संशोधन करणाऱ्या मुलींच्या डोळ्यांखाली असतात तशी वर्तुळं. "काकू, हे पाणी तसं फेकूनच देतात. मला दिलंत तर त्यातल्या पेशी मी वाढवून बघीन. तुम्हाला त्याचा उपयोग होणार नाही, हे आधीच सांगते." आई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "तू वाडवळांची ना? वसईची?" रिद्धी दचकली. पानवेलवाल्या गंगारामची ती पुतणी निघाली. "गंगारामची? मग घे बाय, घे. नायतरी गटारातच जाणार. फक्त त्याची वाइन नको काढू." पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली होती. सही करून पेन परत देताना आई म्हणाली होती, "काय निघालं तर सांग हां." कुणाला सांगायचं, ते ती बोलली नाही.

म्हणून रिद्धीनं क्रिस्टीनाला सांगितलं. आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतरचे दिवस होते. क्रिस्टीना वाचनालयात फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा वेगळा काढत होती आणि फोनवर ओळ उमटली. ताई, काकूंच्या पेशी रुजल्या. छान वाढतायत. तिनं ती ओळ वाचली, फोन पालथा ठेवला, आणि पुस्तकं काढत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की चांगली पुस्तकंही आपण त्याच गठ्ठ्यात टाकली आहेत. आईबद्दलची सगळी वाक्यं महिनाभर भूतकाळात चालली होती. त्यांना सरावायला तिला किती जड गेलं होतं, ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि आता कुठल्याशा बाटलीत ती छान वाढत होती.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना, घरात भांड्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता म्हणून, तिनं पप्पांना सांगितलं. तिचं नायगावचं घर बंदच होतं. आई गेल्यापासून ती इथं, वाडीतल्या घरातच राहत होती, आणि दोघं एकमेकांना मीठ-पाणी विचारण्यापलीकडे फार काही बोलत नव्हते. पप्पांचा घास हातातच राहिला. "रुजल्या म्हणजे? जिवंत?"

"हो. जिवंतच म्हणायचं."

"खातात काय?"

"एक गुलाबी पाणी असतं, पप्पा. साखर असते त्यात, क्षार असतात."

"बोंबील नाय?" आणि ते हसले. "रागावली असेल. काय जेवण देतात म्हणेल, पेशंटचं."

महिन्याभरात ते पहिल्यांदा हसले होते. अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, नंतरही नाही. ते फक्त सकाळी वाडीत जायचे आणि जेवायला यायचे. तो हसलेला चेहरा पुसून टाकेल असं कुठलंही बरोबर वाक्य क्रिस्टीनाला त्या वेळी बोलावंसं वाटलं नाही. मग ते रोजचंच झालं. पाय धुऊन आत येता येता पप्पा विचारायचे, "काय खबर?" हॉस्टेलला ठेवलेल्या मुलीबद्दल विचारावं तसं. ती रिद्धीला विचारून सांगायची. बरं आहे. वाढतायत. एका बाटलीच्या दोन केल्या.

दोन केल्या हे ऐकून पप्पांना सगळं उलगडलं. त्यांना फार समजवावं लागलं नाही, उलट त्यांनीच तिला समजावलं. केळीला घड येऊन गेला की तिचं खोड कापतात. पण त्याआधीच तिच्या कंदातून शेजारी मुनवा वर आलेला असतो. तो काढून दुसरीकडे लावला की त्याची केळ होते, तिला पुन्हा मुनवे येतात. "बी कुठं असतं केळीत? सांग. माझ्या आजानं लावली तीच केळ आज उभी हाय. एकच झाड. फक्त सरकत सरकत विहिरीपासून बांधापर्यंत आलं." पानवेलीचंही तसंच, वेलीचा तुकडा लावायचा, दुसरी वेल म्हणायची, पण दुसरी कुठली, तीच. "कापलेल्या केळीला कोण रडतो?" पप्पांनी विचारलं होतं. वाडीच्या मागच्या बाजूला, ओल्या पाचोळ्याच्या वासात, ती त्या हिरव्या गुळगुळीत खोडांकडे बघत उभी राहिली होती. लहानपणी इथं लपाछपी खेळताना आई हाक मारायची आणि ती मुद्दाम ओ द्यायची नाही. ही झाडं तीच असतील तर त्यांनी ती हाक ऐकलेली असणार, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

कारण तिला ठाऊक होतं. तिनं वाचलं होतं; मिळेल ते सगळं वाचलं होतं, दुःखात माणसं पितात तसं. बाटलीत वाढत होती ती आई नव्हती, आईला खाणारी गोष्ट होती. आणि तरीही त्यातल्या प्रत्येक पेशीत आई सगळीच्या सगळी लिहिलेली होती. तिचे घारे डोळे, पायाची आखूड करंगळी, दुधाचा वासही न सोसणारं पोट. पुस्तक तेच, मधली काही पानं तेवढी चुकीची छापली गेलेली. त्यातलं अर्धं पुस्तक आपल्यात आहे, कदाचित काही चुकीच्या पानांसकट, हेही तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगूनही तिनं स्वतःची जनुकांची तपासणी करून घेतली नव्हती. कपाटांच्या अरुंद बोळात उभी असताना मध्येच तिला जाणवायचं की आत्ता, या क्षणी, खाडीच्या पलीकडे कुठेतरी ती एकाची दोन होत असेल. आणि तिला बरं वाटायचं. चोरून खाल्लेल्या गोडासारखं ते बरं वाटणं दिवसभर जिभेवर राहायचं. पप्पा बोलून दाखवत होते, ती दाखवत नव्हती, एवढाच काय तो शिक्षणाचा फरक.

गेल्या आठवड्यात रिद्धी घरी आली ती विचारायला आली होती. पेशी आता स्थिर झाल्या होत्या. त्या जपून ठेवाव्यात, दुसऱ्या प्रयोगशाळांनाही द्याव्यात असं तिच्या मॅडमना वाटत होतं. काकूंची सही होतीच, पण काकू आता नाहीत, तर घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं. "नको म्हणालात तर आम्ही त्या नष्ट करू. सोमवारी प्रयोगाची पुढची फेरी आहे, तोपर्यंत सांगितलंत तर बरं." मग तिला राहवेना म्हणून तिनं फोनवर चित्रं दाखवली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवे गोल ठिपके, पौर्णिमेच्या चंद्रासारखे भरीव. "ह्या नुसत्याच ठेवलेल्या. आणि ह्या बघा." पुढच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक लांब, विरत जाणारं शेपूट होतं. सगळे एकाच दिशेला निघालेले धूमकेतू. रिद्धी बोलायला लागली की तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसेनाशी व्हायची. विड्याच्या पानात एक द्रव्य असतं. ते काढून पेशींना दिलं की आतला डीएनएचा धागा जागोजागी तुटतो. मग पेशी काचेवर जेलीत बसवायच्या आणि वीज सोडायची; धागा अख्खा असेल तर जागीच राहतो, तुटलेला असेल तर तुकडे बाहेर ओढले जातात, तीच ही शेपटं. "हे फक्त काचेवरचं आहे हां. माणसाला पान खाऊन असं काही होत नाही. अजून कितीतरी वर्षांचं काम आहे. पण काका, काकूंच्या पेशी औषधांना दाद देत नव्हत्या, आणि ह्याला देतायत. गंगारामकाकाच्या वेलीची पानं आहेत."

पप्पांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ह्या बेटीच्या?"

"हो."

"आणि तू त्या तोडतेस."

"काका, त्या कॅन्सरच्या पेशी आहेत."

"बेटीच्याच ना?"

रिद्धीनं क्रिस्टीनाकडे बघितलं. क्रिस्टीनानं चहाचे कप उचलले. बशीवर कप वाजला, तेवढंच. "मग पान नको घालू," पप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. "नुसती ठेव. खायला-प्यायला दे. खर्च असेल तर सांग."

"नुसत्या नाही ठेवता येत, काका. काम नसेल तर त्या टाकूनच देतात."

पप्पा उठून अनवाणीच वाडीत गेले. आणि दुसऱ्या दिवशी, आता कळत होतं, चर्चच्या ऑफिसात गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर क्रिस्टीना त्यांच्यासमोर बसली. आत्या म्हणाली तसं उतरवायचं होतं. तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती; पेशी म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, मुनवा आणि गाठ यांच्यात फरक काय. त्यातलं एकही तिच्या तोंडातून आलं नाही. पप्पांचे हात मांडीवर पडले होते. नखांत केळीच्या चिकाचे काळे डाग होते. आईनं लिंबाची फोड घेऊन ते घासले नव्हते म्हणून आता ते जात नव्हते. "उद्या सांगायचंय तिला," ती म्हणाली.

"तू सांग. तुला कळतं."

"तुम्ही बघून या आधी. मी येते बरोबर."

ते नखातला एक डाग अंगठ्यानं खरवडत राहिले. "भेटता येतं?" त्यांनी विचारलं.

सोमवारी टॅक्सीत ते रविवारचाच शर्ट घालून बसले होते. मांडीवर सुकेळ्यांचं, वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं होतं, रिद्धीसाठी. हायवेवरून खाडीच्या पुलावर आले तेव्हा भरती होती आणि पाण्यावर ऊन पसरलं होतं. पप्पांनी एकदा काच खाली केली, मग एसी चालू आहे म्हणून ड्रायव्हरकडे बघून वर केली. क्रिस्टीनाला वाटत होतं, आपण या माणसाला एका खोट्या गोष्टीतून बाहेर काढायला नेतो आहोत. ती गोष्ट गेल्यावर याच्याकडे काय उरणार? आणि त्याच्या पाठोपाठ, जरा चोरपावलांनी, दुसरा प्रश्न. आपल्याकडे काय उरणार?

प्रयोगशाळेच्या दाराशी पप्पा सवयीनं चपला काढायला लागले. "काढायच्या नाहीत, काका. उलट वरून हे घाला," म्हणत रिद्धीनं निळे प्लास्टिकचे मोजे दिले. आत औषधांचा आणि थंड धातूचा वास होता. यंत्रांचा एकसुरी आवाज येत होता. रिद्धीनं एक चपटी बाटली आणली. तळाला गुलाबी पाणी, दुसरं काही दिसत नव्हतं. ती तिनं सूक्ष्मदर्शकाखाली आडवी ठेवली आणि पप्पांना स्टुलावर बसवलं. पप्पांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. "नाय दिसत. अंधार हाय." रिद्धीनं वरचा स्क्रू फिरवला. "आता?"

पप्पांचा खांदा स्थिर झाला. एवढे स्थिर ते चर्चमध्येही बसत नसत. क्रिस्टीना मागं उभी राहून त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या बघत होती. आता ते नाव घेऊन हाक मारतील अशी तिला विलक्षण भीती वाटत होती, आणि ती भीतीच होती का, याची तिला खात्री नव्हती.

"एवढी दाटी?" शेवटी पप्पा म्हणाले.

"त्यांचं तसंच असतं. साध्या पेशी शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात. जागा सोडतात. ह्या थांबत नाहीत. एकीवर एक चढतात. असलेलं सगळं पाणी खाऊन संपवतात. म्हणून मध्ये मध्ये काढून विरळ कराव्या लागतात."

"दुसरीला काय मिळतं का, ते नाय बघत?"

"नाही, काका."

पप्पा आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोळा काढला. हातानं तो पुसला आणि रिद्धीकडे न बघता, क्रिस्टीनाकडेही न बघता, समोरच्या पांढऱ्या भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले, "बेटी पंगतीला बसली की आधी सरकायची. कोण येवो न येवो. चर्चमध्ये बाकाच्या टोकाला बसायची, अर्धी बाहेर. मी ओरडायचो, पडशील म्हणून." ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "ही ती नाय. ही कोण हाय ती मला नाय माहीत. हिला घाल पान." दोन पावलं गेल्यावर ते थांबले. "आणि गंगारामची पानं पातळ गो. पाणी जास्त देतो तो. आमच्या सुपारीवरची वेल तिखट हाय, ती ने." एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. आधी ती नुसतीच वाकली, मग हलायला लागली. आवाज आत येत नव्हता. रिद्धी दाराकडे निघाली तेव्हा क्रिस्टीनानं तिच्या दंडाला धरलं. "राहू दे. रडू दे त्यांना. चार महिने राहिलंय."

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ज्यासाठी आणलं ते झालं होतं, तिला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. पण पप्पा निघून गेले होते आणि ती तिथंच राहिली होती, त्या यंत्रांच्या आवाजात, एकटी. इतके दिवस तिच्या वाटणीचंही तेच मानत होते. त्यांच्या वेडाच्या सावलीत तिला आपलं शहाणपण जपता आलं होतं. आता सावली उठून बाहेर गेली होती. तिनं स्टुलावर बसून नळीला डोळा लावला. करड्या, चकचकीत, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या त्या असंख्य गोष्टींत तिनं आईला शोधलं. ती तिथं नव्हती आणि प्रत्येकीत होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि दोन्हींतलं एकही तिला घरी नेता येणार नव्हतं.

"ताई," रिद्धी हळूच म्हणाली, "काकांचं कळलं. तुमचं?"

"चालू ठेव," क्रिस्टीना म्हणाली. "जपून ठेवा, दुसऱ्यांना द्या, पान घाला. सगळं." मग जरा थांबून, "तपासणीचं नाव-गाव मला लिहून दे. माझी करून घ्यायची आहे." आणि बाटली उचलून रिद्धी निघाली तेव्हा, "कुठं ठेवतेस ते दाखव."

कोपऱ्यात लोखंडी कपाटासारखं यंत्र होतं. रिद्धीनं बाहेरचं दार उघडलं. आत काचेचं दुसरं दार होतं, त्यामागं फळ्यांवर तसल्याच चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या. कुणावर नाव नव्हतं, आकडे होते. हातातली बाटली आत ठेवून रिद्धीनं काच लावली. क्रिस्टीनानं काचेवर तळवा ठेवला. काच थंड असेल असं तिनं धरलं होतं. ती ऊबदार होती. दुपारी झोपलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तेवढीच.

"अंगाएवढंच तापमान ठेवावं लागतं," रिद्धी म्हणाली. "त्याहून कमी चालत नाही त्यांना."

क्रिस्टीनानं मान हलवली. तळव्याखाली काही हललं नाही, धडधडलं नाही. नुसती ऊब होती. बाहेर पप्पा आता सरळ बसले होते आणि रुमालानं तोंड पुसत होते.

"ताई, बाहेरचं दार लावू? ऊब जाते."

"लाव," क्रिस्टीना म्हणाली. पण हात तिचाच मध्ये होता, आणि तो तिलाच काढायचा होता.